शालनकाकूंचं शेवटचं पोस्टिंग

शालनकाकूंना भारतातली बरीच गावं जमली. जोधपूर जमलं, तेजपूर जमलं, तांबरम जमलं, आणि चंदीगड तर इतकं जमलं की आमच्या सेक्टरातल्या सरदारणी त्यांना विचारून लोणची घालू लागल्या. एकच गाव जमायचं राहिलं होतं. ते त्यांचं स्वतःचं.

काका वायुदलात वॉरंट ऑफिसर. लग्न झालं आणि काकू त्यांच्याबरोबर बाहेर पडल्या, त्या सुट्टीपुरत्याच तासगावजवळच्या त्यांच्या गावी जायच्या. मी त्यांना भेटले तेव्हा चंदीगड हे काकांचं शेवटचं पोस्टिंग होतं. क्वार्टर मिळाली नव्हती म्हणून ते सेक्टर अडतीसमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत, आणि माझी पीजी त्यांच्या मागच्या गल्लीत होती.

मी हिंगोली जिल्ह्यातली. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे चंदीगडला एम.एस्सी.ला नंबर लागला, तेव्हा आनंद करायचा की काळजी, हे घरात कुणालाच नीट ठरवता आलं नाही. बाबांनी निघताना एकच सांगितलं, कुणाचं मिंधं राहायचं नाही. मी ते फारच मनावर घेतलं. रूममेटने पंखा मोठा केला तर लहान कर म्हणायचं धाडस होत नसे. मी चादर घेऊन झोपायचे. वर्गात माझं हिंदी ऐकून कुणी हसलं नव्हतं, पण हसतील म्हणून मी बोलतच नव्हते.

चंदीगडात आठवड्याला शेतकऱ्यांचा बाजार भरतो, त्याला अपनी मंडी म्हणतात. तिथे एका संध्याकाळी मी आईशी फोनवर बोलत पेरू निवडत होते. तेवढ्यात मागून कुणीतरी मराठीत सांगितलं, "त्याचं घेऊ नगंस. आतनं किडकं निघत्यात."

वळून पाहिलं तर सलवार-कमीज, गळ्यात मंगळसूत्र, पायात ओंकारचे, म्हणजे त्यांच्या मुलाचे, जुने स्पोर्ट्स शूज, आणि खांद्यावर दोन पिशव्या. माझा फोन संपेपर्यंत त्या थांबल्या. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "परभणी?"

"हिंगोली."

"तेच की. परभणीतनंच फुटलाय."

बोलण्यावरून जिल्हा ओळखायची त्यांना हौस होती. अंदाज बहुतेक वेळा शेजारच्या जिल्ह्यावर पडायचा, पण तो चुकला असं त्या कधीच मान्य करत नसत. नागपूरच्या एका मुलाला त्यांनी वर्ध्याचा ठरवलं होतं आणि त्याच्या आईचं माहेर वर्ध्याचं निघेपर्यंत त्याला सोडलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी मला दुसऱ्या गाड्यावर नेऊन पेरू घेऊन दिले आणि घरी नेऊन पिठलं-भाकरी खायला घातली. जेवताना माझी सगळी चौकशी केली. पीजीत कुणाशी बोलतेस का, या प्रश्नावर मी पंख्याचं आणि चादरीचं सांगितलं, तेव्हा त्यांनी मला त्यांचं शास्त्र सांगितलं. नव्या गावात गेलं की आधी शेजारणीकडे काहीतरी मागायचं. दूध-साखर मागायची नाही, कारण ती संपते. परत द्यावी लागेल अशी वस्तू मागायची.

"म्हंजे दोन डाव दार वाजतं," त्या म्हणाल्या. "एकदा न्यायला, एकदा द्यायला. दुसऱ्या डावाला चहा हुतोच."

काकूंच्या घरात किसण्या होत्या, चाळण्या होत्या, पाटा-वरवंटासुद्धा होता. तरी त्यांनी प्रत्येक गावात शेजारणीकडून किसणी मागून आणलेली होती. काकांचं म्हणणं, हिच्यामुळे आख्ख्या एअरफोर्सला वाटतं की मला संसार घेता आला नाही.

मी बाबांचं सांगणं काकूंना सांगितलं. त्यांनी भाकरीवर लोणी घालता घालता विचार केला आणि म्हणाल्या की वडील बरोबरच सांगतात, पण वडील स्वतःच्या गावात बसून सांगतात. मग हुकूम सोडला, रूममेटकडं इस्त्री माग. मी म्हटलं, इस्त्री करायचे कपडेच माझ्याकडे नाहीत. तर त्यांनी आतून काकांचा युनिफॉर्मचा शर्ट आणून माझ्या हातात दिला.

हरलीनने, माझ्या रूममेटने, इस्त्री दिली. मग वायुदलाचा एवढा मोठा शर्ट कुणाचा, हे तिला कळायलाच हवं होतं. मला ते सांगता सांगता काकू, भाकरी, किसणी सगळंच सांगावं लागलं. ती हसून गादीवर लोळली. पंखा त्या रात्रीपासून दोनवर असायचा.

काकूंच्या हिंदीबद्दल सांगायला हवं. ती कुठल्याही एका गावची नव्हती. वाक्य हिंदीत सुरू व्हायचं आणि चव यायची वेळ आली की मराठीत उतरायचं. "भाभीजी, भाजी में थोडा कूट डालो, मग बघा कैसी चव आती है." भाभीजींना कूट आणि चव हे दोन्ही शब्द माहीत नव्हते, पण दुसऱ्या दिवशी त्या वाटी घेऊन यायच्या. ओंकारला मात्र लाज वाटायची. तो नववीत होता. आईचं मराठी त्याला सगळं कळायचं आणि तो उत्तर हिंदीत द्यायचा. "मम्मी, प्लीज, पीटीएम में आप मत बोलना." काकू पीटीएमला, म्हणजे शाळेतल्या पालकसभेला, जायच्या आणि त्याच्या गणिताच्या मॅडमकडून कांदा-लसूण चटणीची ऑर्डर घेऊन यायच्या.

संक्रांतीतली गोष्ट आम्ही अजून एकमेकींना सांगतो.

सेक्टर चव्वेचाळीसमध्ये एका मराठी कॅप्टनच्या बायकोने हळदीकुंकवाला बोलावलं होतं. काकूंनी मला मदतीला घेतलं. काकू तिथंच आपलंही हळदीकुंकू उरकणार होत्या, त्यामुळे मदत म्हणजे तिळगुळाचा डबा, करंडा आणि वाण द्यायच्या चहाच्या गाळण्यांची पिशवी धरायची. धुकं इतकं होतं की चौकातला गोल बगीचा चौकात शिरल्यावरच दिसायचा. रिक्षावाल्याला काकूंनी घर नंबर खडाखडा सांगितला आणि सेक्टर विचारल्यावर म्हणाल्या, पंचेचाळीस. मी हळूच म्हटलं, काकू, चव्वेचाळीस ना? त्यांनी हात झटकला. छावणीत आयुष्य गेलेल्या माणसाला घर नंबर पुरतो; ब्लॉक, गल्ली असल्या गोष्टी ओघानं येतात, असा त्यांचा विश्वास होता. चंदीगडात मात्र तोच घर नंबर प्रत्येक सेक्टरात असतो, आणि घरंही एका साच्यातून काढल्यासारखी.

दार एका उंच सरदारणीने उघडलं. काकूंनी हसून नमस्कार केला आणि चपला काढून सरळ आत गेल्या. त्यांना वाटलं, ही यजमानीणबाईंची शेजारीण, मदतीला आलेली. तिला काय वाटलं ते नंतर कळलं. तिच्या मुलाच्या ऑफिसातलं कुणीतरी असेल, असं तिने धरलं होतं. पाहुणा दारात आल्यावर तो कोण हे चहाच्या आधी विचारणं तिच्या रीतीत बसत नव्हतं. त्यामुळे चहा आला, कणकेच्या लाडवासारखी पिन्नी आली, गोभीचे पकोडे आले. हीटर आमच्या पायाशी सरकवला गेला. काकूंनी मनापासून खाल्लं. थंडी किती, मेथी किती महाग, मुलं कशी ऐकत नाहीत, सगळं बोलून झालं. मला आत काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण पकोडा तोंडात असताना ते कसं मांडावं हे सुचत नव्हतं.

दुसऱ्या चहाला काकूंनी विचारलं, "बाकी औरतें कब आएँगी?"

"कौन औरतें, जी?"

मग पाच मिनिटं कुणाला काहीच कळेना, आणि कळलं तेव्हा बलजीत आंटी, म्हणजे ती सरदारणी, डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होत्या. दुसरं कुणी असतं तर माफी मागून उठलं असतं. काकूंनी डबा उघडला. आता आलोच आहोत तर रिकाम्या हाताने कशाला जायचं, असं म्हणून बलजीत आंटींना हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, गाळणी दिली आणि हे सगळं कशाबद्दल ते चव असलेल्या हिंदीत समजावलं.

कोपऱ्यात पलंगावर बलजीत आंटींच्या सासूबाई, बीजी, बसल्या होत्या. पांढरा दुपट्टा, हातात बांगडी नाही. त्या सगळं उत्सुकतेने बघत होत्या. आमच्याकडे अशा बाईला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. माझी आत्या संक्रांतीच्या दिवसांत घरातच बसून राहते. काकूंचा करंडा धरलेला हात क्षणभर थांबला. बीजींनी दुपट्टा मागे सारून कपाळ पुढे केलं होतं. त्यांना कुठे काय माहीत होतं. काकू पुढे झाल्या, त्यांना हळद लावली, कुंकू लावलं, वाकून पाया पडल्या आणि गाळणी त्यांच्या मांडीवर ठेवली. बीजींनी उशीखालून मूठभर रेवड्या काढून आमच्या हातावर ठेवल्या.

बाहेर आल्यावर काकू रेवडी चघळत म्हणाल्या, "तीळ आन् गूळच हाय की गं. नुसता चपटा केलाय."

चव्वेचाळीसमध्ये पोचलो तेव्हा सतरंज्या गोळा करणं चाललं होतं.

बलजीत आंटी मग काकूंच्या सख्ख्या मैत्रीण झाल्या. त्याच काकूंना गुरुद्वाऱ्यात लंगरच्या सेवेला घेऊन जाऊ लागल्या. तिथे काकूंनी एक घोटाळा केला. मोठ्या तव्याभोवती बायका भराभर रोट्या लाटून टाकत असतात. काकूंनी आपल्या पद्धतीने घडीच्या पोळ्या सुरू केल्या. लाटायची, तेल लावायचं, घडी घालायची, पुन्हा लाटायची, कडा बघायच्या. त्यांच्या पुढे तवा रिकामा आणि मागे पिठाच्या गोळ्यांचा डोंगर. शेवटी एका म्हाताऱ्या सेवादारणीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, "पुत्त, एह रोटी रब वास्ते है, जवाई वास्ते नहीं," आणि त्यांना उचलून मटार सोलायला बसवलं. काकू घरी येऊन काकांना म्हणाल्या की मला तिथं मटाराचं खातं दिलंय. काकांनी सॅल्यूट केला.

मला त्यांची गंमत वाटायची. पण मी बघत होते की त्या कुठेही चुकल्या तरी दार बंद होत नव्हतं, उलट उघडत होतं. मीही त्यांच्यासारखं चुकायला शिकत होते. वर्गात मी पहिला प्रश्न विचारला तेव्हा माझा 'स्टोमाटा'चा उच्चार ऐकून मागचा मुलगा हसला, आणि मग त्यानेच नोट्स मागितल्या.

काकांच्या निवृत्तीचं वर्ष लागलं तसं घरात गावाचं बोलणं वाढलं. काकांनी गावात भावाच्या घराला लागून नवं घर बांधलं होतं. ते म्हैस घेणार होते. मुऱ्हा घ्यावी की पंढरपुरी, यावर ते जेवताना एकटेच दोन्ही बाजूंनी वाद घालत. काकू हो-हो म्हणत. इतकी वर्षं प्रत्येक गावात त्या "गावी गेल्यावर" असं म्हणत आल्या होत्या. गावी गेल्यावर तुळस लावीन, गावी गेल्यावर शिलाई मशीन काढीन. आता गाव खरंच जवळ आलं, तर त्यांनी ते म्हणणं बंद केलं.

काकूंनी इथंच राहावं म्हणून बलजीत आंटींनी मोहालीतल्या एका सोसायटीत भाड्याचा फ्लॅट शोधला. ओंकारची शाळा जवळ, बाल्कनीत ऊन. काकू मला घेऊन बघायला गेल्या. रिकाम्या स्वयंपाकघरात उभ्या राहून त्यांनी ओट्यावरून हात फिरवला, नळ सोडून बघितला, खाली कोण राहतं ते वॉचमनला विचारून घेतलं. परत येताना बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. मी म्हटलं, काकू, तुम्हाला कुठेही जमतं, गावात तर जमेलच.

"आगं, परक्या गावात चुकलं तर लोक म्हणत्यात, नवीन हाय बिचारी," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "आपल्या गावात चुकलं तर काय म्हणायचं?"

मग हळूहळू सगळं सांगितलं. गावात कुणाचं लग्न झालं, कुणाची वाटणी झाली, कोण कुणाशी बोलत नाही, यातलं त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांच्या थोरल्या जाऊबाईंनी, आक्कांनी, सासूचं आजारपण काढलं, शेतावर राबल्या. त्या घरात आक्कांचा शब्द होता. काकू दर वर्षी बॅग घेऊन येणारी आणि बॅग घेऊन जाणारी. "माझी जागा कुठली म्हणून बसू तिथं? तिथल्या बायका मला मागारी चंदीगडवाली म्हणत्यात."

त्या दिवशी घरी ओंकारनेही विचारलं, "मम्मी, वहाँ मैं किससे बात करूँगा?" तो काकूंचाही प्रश्न होता.

पण त्यांनी मोहालीला नाही म्हटलं. सासूबाई थकल्या होत्या. आणि काकांनी म्हशीचं नावसुद्धा ठरवलं होतं.

सामान ट्रकमध्ये चढलं त्या सकाळी गल्लीतल्या बायका जमल्या. बलजीत आंटी सगळ्यांत जास्त रडल्या. काकूंनी सगळ्यांना गावी यायचं निमंत्रण दिलं, जाताना रस्ता असा सांगितला की कुणी पोचणं शक्य नव्हतं, आणि गाडीत बसल्या.

पुढच्या महिन्यांत त्यांचे फोन यायचे. आवाज नेहमीचा, पण खाली. मी विचारायचे, कसं चाललंय. सगळं चांगलं आहे म्हणायच्या. आक्का स्वयंपाकघरात हात लावू देत नाहीत. काही मागायला गेलं तर म्हणतात, मागतेस काय, तुझंच आहे की सगळं. चहा मात्र कपबशीतून देतात, आणि बाकी सगळे स्टीलच्या ग्लासातून पितात.

"एक वाकडा शब्द न्हाई गं आश्विने," त्या एकदा म्हणाल्या. "सगळी गोड बोलत्यात. पाव्हणीशी बोलावं तसं. गोड बोलून बोलून मला पार बाहेर बशिवलंय."

ज्यांनी मला माणसांत बसवलं त्यांना मी काय सांगणार. मी म्हटलं, इस्त्री मागून बघा. त्या हसल्या, पण बळेच.

एम.एस्सी.च्या शेवटच्या उन्हाळ्यात कोल्हापूरला एक कार्यशाळा होती. ती संपल्यावर मी एसटीने काकूंच्या गावी गेले. न कळवता. ऊन रणरणत होतं. दोन्ही घरांसमोर एकच अंगण होतं आणि लिंबाखाली काका वर्तमानपत्र घेऊन बसले होते. शेजारी म्हैस होती. ओंकार तिच्यापासून सुरक्षित अंतरावर बसून मोबाइल बघत होता.

मी फाटकातूनच आरडाओरडा ऐकला आणि थबकले. आत दोन बायका तावातावाने भांडत होत्या. काकांनी खुणेने मला खाटेवर बसायला सांगितलं आणि हळू आवाजात हकिगत सांगितली. काकूंनी सकाळी गच्ची धुतली होती. चंदीगडात सगळे सकाळी अंगणावर, गाडीवर पाइपने पाणी सोडतात, तसा पाइप लावून. गच्चीच्या पलीकडच्या अंगाला आक्कांनी कुरडया वाळत घातल्या होत्या. आणि नळाला पाणी येतं एक दिवसाआड.

"पायपानं पाणी मारती," आतून आक्कांचा आवाज आला. "तुझ्या त्या चंदीगडात नदी आसंल दारातनं. हितं मी घागरी वाहिल्यात, घागरी. आन् लाटसाहेबीण गच्ची धुतीया."

मला काकूंची दया आली. एवढा वेळ बाहेर उभ्या असलेल्या बाईला शेवटी हेच ऐकायला मिळालं, असं वाटलं. मी काकांकडे पाहिलं. ते शांतपणे पान उलटत होते.

"मग माझ्याच गच्चीवर बऱ्या कुरडया घावत्यात वाळत घालायला," काकूंचा आवाज. असा आवाज मी चंदीगडात कधी ऐकला नव्हता. "इचारायचं तरी. का माझी हाय म्हणून इचारायचं न्हाई?"

"तुला काय इचारायचं? तू काय परकी हायस इचारायला?"

काहीतरी भांडं आदळलं. काकू दारात आल्या. पदर खोचलेला, कपाळावर घाम, कुंकू भुवईपर्यंत ओघळलेलं. मला पाहून त्या क्षणभर थांबल्या. त्यांचा चेहरा मी इतक्या महिन्यांनी बघत होते. फोनवरचा तो खाली गेलेला आवाज या चेहऱ्यातून येत होता यावर माझा विश्वास बसेना.

"आलीस?" त्या म्हणाल्या. "बस जरा. पाणी पी. आमचं अजून मिटलं न्हाई."

आणि पदर पुन्हा घट्ट खोचून त्या आत गेल्या. लगेच कुरडयांचे गहू कुणाच्या शेतातले इथपासून पुन्हा सुरुवात झाली. ओंकारने मोबाइलवरून मान वर न काढता मला सांगितलं, "दीदी, बैठ जा. अजून लय वेळ हाय."

मी खाटेवर बसले. काकांनी माठातलं पाणी दिलं. आत दोघी एकाच वेळी बोलत होत्या, एकमेकींचं न ऐकता, पूर्ण ताकदीने. मी थोडा वेळ कान देऊन ऐकलं, पण त्यातली काकू कोणती आणि आक्का कोणती, हे मला काही केल्या ओळखू येईना.